कॉलेजचं गाव : तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही एवढंच विचारलं होतं की तुमचं गाव कॉलेजमुळे बदलतंय का, आणि बदलत असेल तर सगळ्यात जास्त काय खटकतं. पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप, नुसता ढीग पडला. सगळी छापणं शक्य नाही आणि निम्म्या लोकांचं दुखणं एकच आहे, म्हणून काही एकत्र केलीत, नावं काढून टाकलीत. मी स्वतः अशाच एका मध्यम गावात आधी शिकायला आणि मग नोकरीला अशी सतरा वर्षं काढली, म्हणजे भाडेकरू पण होते आणि नंतर भाडेकरूंच्या नावाने बोटं मोडणारी शेजारीण पण, दोन्ही बाजूंची बोलणी खाऊन झालीत. तर चला.

प्रश्न : ताई, आम्ही पंचवीस वर्षांपूर्वी घर बांधलं तेव्हा गल्लीत अठरा घरं होती आणि अठराही घरांत कुटुंबं. आता आम्हाला धरून चार. समोरच्या दाराला पाच बेल आहेत, त्यातली एकच वाजते. प्राथमिक शाळेची एक तुकडी मागच्या वर्षी बंद झाली. मुलगा म्हणतो भाव चांगला येतोय, विकून टाका. घेणारा रूम काढणार हे उघड आहे. विकलं तर उरलेल्या तिघांना तोंड कसं दाखवू, नाही विकलं तर आम्हीच शेवटचे उरू. – एक घरमालक

उत्तर : काका, आधी ते तोंड दाखवायचं मनातून काढा, तुम्ही एकट्याने गल्ली मोडलेली नाही. ब्रिटनमध्ये डॅरन स्मिथ नावाचे भूगोलाचे अभ्यासक आहेत, त्यांनी या प्रकाराला स्टुडंटिफिकेशन असं नाव दिलं, जीभ वळत नाही पण गोष्ट तुमच्या गल्लीचीच आहे. गणित अगदी साधं असतं. चार खोल्यांचं घर, त्यात एक कुटुंब राहिलं तर भाडं किंवा हप्ता एका नाहीतर दोन पगारांतून जाणार. त्याच घरात चार मुलं राहिली तर चार घरांतून पैसे येतात, कोणाच्या आईवडिलांकडून, कोणाच्या एज्युकेशन लोनमधून, प्रत्येकाला आपला वाटा परवडतो आणि बेरीज मात्र कुटुंबाला झेपेल त्याच्या वर जाते. म्हणजे घर विकायला निघालं की रूमवाला नेहमी जास्त बोली लावू शकतो, यात कोणाची बदमाशी लागतच नाही. मग मुलं कमी, म्हणून शाळेची तुकडी बंद, तुकडी बंद म्हणून नवीन कुटुंब येत नाही, आणि ते येत नाही म्हणून पुढचं घर पण रूमलाच जातं.

इंग्लंडमध्ये २०१० पासून नगरपालिकांना एक हत्यार आहे, ठराविक भागात घराचं शेअरिंगचं घर करायचं असेल तर आधी परवानगी घ्यायला लावता येते. वापरतात बरीच शहरं. पण त्यातली मेख अशी की नियम मागे जाऊन लागू होत नाही, जी घरं आधीच रूमची झाली ती तशीच राहतात. म्हणजे अठरातली चौदा गेल्यावर नियम आला तर तो तुमच्या गल्लीला नाही, पलीकडच्या गल्लीला उपयोगी. तो मागायचा असेल तर पलीकडच्यांना बरोबर घेऊन मागा.

आणि विकायचं म्हणाल तर आधी त्या तिघांशी बसून बोला. चार घरं वेगवेगळी विकली तर प्रत्येक वेळी उरलेल्यांचा जीव खाली वर होतो, एकत्र ठरवलं तर निदान कोण कधी जाणार हे तरी माहीत असतं. विद्यापीठात नवीन लागलेले प्राध्यापक, ऑफिसचा स्टाफ, यांना घर हवं असतं आणि ते कुटुंब घेऊन येतात, त्यांच्या नोटीस बोर्डवर टाकून बघा.

अजून एक काम सांगते, हे सगळ्याच वाचकांना. विद्यापीठाला दोनच आकडे मागा, गेल्या दहा वर्षांत अ‍ॅडमिशन किती वाढल्या आणि हॉस्टेलचे बेड किती वाढले. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. जो फरक येतो ना, तेवढी मुलं तुमच्या गल्ल्यांमध्ये आहेत. मी जिथे राहायचे तिथे हे कोणी विचारलंच नव्हतं, सगळे आपले मोठ्या आवाजात गाणी कोण लावतं यावर भांडायचे.

प्रश्न : आम्ही सेकंड इयरला आहोत. पुढच्या वर्षीच्या घराला आत्ताच, म्हणजे नऊ महिने आधी सही करा नाहीतर काही उरणार नाही असं सगळे सांगतायत. ज्यांच्याबरोबर राहायचं त्यांची ओळख होऊन जेमतेम दोन महिने झालेत. वरून शेजारच्या काकू येता जाता ऐकवतात की तुम्ही लोकांनी गाव बिघडवलं. आम्ही राहायचं तरी कुठे? – पाच जणी

उत्तर : मुलींनो, ही घाई बरीचशी बनवलेली असते. एकाने सही केली की बाकीचे रिकामी सीट पकडायला धावल्यासारखे धावतात, आणि यात फायदा एजंटचा. खरंच घरं कमी आहेत का ते सीनियर्सना विचारा, ज्यांनी उशिरा घेतलं त्यांना काय मिळालं ते विचारा, बहुतेक वेळा काहीतरी मिळालेलंच असतं, थोडं लांब असेल एवढंच.

सही करण्याआधी एकच गोष्ट नीट वाचा, करार पाचजणींचा मिळून एक आहे की प्रत्येकीचा वेगळा. एकच असेल तर एक मुलगी मध्येच सोडून गेली तर तिचं भाडं उरलेल्या चौघींच्या डोक्यावर. दोन महिन्यांच्या ओळखीवर हे किती झेपेल ते तुम्ही ठरवा.

आणि पहिल्या दिवशी, सामान उघडायच्या आधी, फोटो. भिंतीची ओल, खिडकीची कडी, मीटरचं रीडिंग, गादीवरचे डाग सुद्धा, आणि ते फोटो त्याच दिवशी घरमालकाला मेल करून टाका म्हणजे तारीख आपोआप पडते. माझं डिपॉझिट एका कपाटाच्या बिजागरीवरून कापलं गेलं होतं. मी आले तेव्हाच ते दार एका बिजागरीवर लोंबकळत होतं, मी वर्षभर गुडघ्याने ढकलून लावायचे, आणि जाताना घरमालक ते दार धरून माझ्याकडे असं बघत होता जणू मी दाताने तोडलंय. फोटो नव्हता. विषय संपला.

काकूंचं बोलणं मनाला लावून घेऊ नका पण ते कुठून येतं ते समजून घ्या. एका घरात किती अनोळखी माणसांनी राहायचं हे भांडण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेलं आहे. न्यूयॉर्क राज्यात बेल टेर नावाचं छोटं गाव, तिथे स्टोनी ब्रुक विद्यापीठाची सहा मुलं एका घरात राहत होती, गावाचा नियम असा की नात्यात नसलेली दोनपेक्षा जास्त माणसं एका घरात नकोत. १९७४ साली कोर्टाने गावाच्या बाजूने निकाल दिला आणि असे नियम ठिकठिकाणी चालत राहिले. कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये ही मर्यादा बराच काळ बहुतेक भागात तीन होती, २०२३ मध्ये पाच केली, आणि २०२४ मध्ये तर त्या राज्याने कायदाच केला की नुसतं नातं आहे की नाही यावरून माणसं मोजायची नाहीत. म्हणजे पन्नास वर्षं लागली चक्र फिरायला. दरम्यान काय होतं माहितीये का, मुलं तरीही पाचजण राहतातच, फक्त नावं तिघांची लावतात, आणि मग गीझर बिघडला तरी तक्रार करता येत नाही.

प्रश्न : पूर्वी गाव आणि कॉलेज यांच्यात असा दुरावा नव्हता. आजकालची मुलंच तशी. – निवृत्त मास्तर

उत्तर : मास्तर, रागावू नका, पण पूर्वी म्हणजे कधी? ऑक्सफर्डला १० फेब्रुवारी १३५५ ला दोन विद्यार्थ्यांनी दारूच्या गुत्त्यात वाईन बेकार आहे म्हणून मालकाशी वाद घातला, वाईन त्याच्या तोंडावर फेकली, तिथून जी मारामारी पेटली ती तीन दिवस चालली, धनुष्यबाण निघाले. ६३ विद्यापीठवाले आणि गावातले साधारण ३० जण मेले असं सांगतात. राजाने विद्यापीठाची बाजू घेतली आणि शिक्षा काय, तर दरवर्षी त्या दिवशी महापौराने चर्चमध्ये जाऊन मेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक असे ६३ पेनी भरायचे. हे १८२५ पर्यंत चालू होतं! शेवटी समेट झाला तो १९५५ ला, बरोबर सहाशे वर्षांनी. आणि केंब्रिज विद्यापीठ सुरू झालं तेच मुळी १२०९ मध्ये ऑक्सफर्डच्या गावकऱ्यांशी बिनसल्यावर पळून आलेल्या लोकांनी. तेव्हा आजची पोरं रात्री दोनला गाणी लावतात हे त्रासाचं आहेच, मान्य, पण बाण तरी मारत नाहीत.

प्रश्न : विद्यापीठाच्या एवढ्या जमिनी, एवढ्या बिल्डिंगा, आणि प्रॉपर्टी टॅक्स म्हणे माफ. रस्ते त्यांची मुलं वापरणार, बिल आम्ही भरणार. हे कुठल्या न्यायाने? – तीन जणांचं साधारण असंच पत्र

उत्तर : नियम देशोदेशी वेगळे आहेत पण तुमची तक्रार बऱ्याच ठिकाणी खरी आहे. अमेरिकेत शिक्षणसंस्था नफ्यासाठी नसेल तर शिक्षणासाठी वापरलेल्या मालमत्तेवर टॅक्स नाही. ब्रिटनमध्ये ज्या घरात सगळेच फुलटाइम विद्यार्थी आहेत त्या घराला कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिकडची घरपट्टी, माफ. त्यामुळे गाव जितकं विद्यार्थ्यांचं होत जातं तितका टॅक्स भरणाऱ्यांचा घोळका लहान होतो.

यावर काही ठिकाणी विद्यापीठं टॅक्सऐवजी स्वेच्छेने पैसे देतात. अमेरिकेतलं येल विद्यापीठ आणि ते ज्या शहरात आहे त्या न्यू हेवनचं २०२१ मध्ये ठरलं, आधी देत होते त्याच्यावर सहा वर्षांत ५ कोटी २० लाख डॉलर जास्तीचे. आकडा मोठा वाटतो, पण स्वेच्छेने हा शब्द लक्षात ठेवा, मुदत संपली की पुन्हा दारात उभं राहायचं. म्हणून गावाने नुसते पैसे मागण्यापेक्षा ठराविक गोष्टी मागाव्यात असं माझं मत आहे, फायर ब्रिगेडचा खर्च, अमुक बस, तमुक रस्ता, कारण एकदा बस सुरू झाली की ती बंद करताना विद्यापीठालाच लाज वाटते.

दुसरी बाजू पण सांगते. विद्यापीठ म्हणजे पगार, भाडी, दुकानं. शिवाय अमेरिकेत जनगणनेत विद्यार्थी आईवडिलांच्या घरी नाही तर कॉलेजच्या गावात मोजले जातात, आणि त्या डोक्यांवर गावाला सरकारी पैसा येतो. म्हणजे मोजताना ती आमची आणि आवाज केला की पाहुणी, असंही चालणार नाही ना.

प्रश्न : माझं स्टेशनरीचं दुकान आहे. सुट्ट्या लागल्या की गाव मेल्यासारखं. काय करू?

उत्तर : वर्षाचे बारा महिने विसरा, तुमचं वर्ष आठ नऊ महिन्यांचं आहे आणि बाकीचे उपाशी, हे धरूनच माल भरा, भाडं ठरवताना पण जागामालकाशी सुट्टीतलं वेगळं बोलून बघा, ऐकतात कधीकधी. आणि सुट्टीत गावात उरतं कोण ते बघा. रिसर्चवाले, परदेशातून आलेली आणि घरी न गेलेली मुलं, शाळेतली पोरं, म्हातारी माणसं. त्यांना लागेल असं एक तरी शेल्फ ठेवा. सगळं दुकान अठरा ते बावीसच्या वयोगटावर लावलं की काय होतं ते तुम्ही लिहिलंच आहे.

प्रश्न : स्टेशनमागे बारा मजली स्टुडंट टॉवर होतोय. खाली जिम, सिनेमा रूम, भाडं प्रत्येक बेडचं वेगळं. बिल्डर म्हणतो मुलं तिकडे गेली की जुनी घरं कुटुंबांना मोकळी होतील. खरं का?

उत्तर : अर्धं खरं. टॉवरमध्ये जाणार कोण, तर ज्यांना जास्त भाडं परवडतं ते. जुन्या घरात चौघं मिळून राहणारी मुलं स्वस्त म्हणून तिथे राहतात, ती जिमसाठी हलत नाहीत. आणि टॉवरचे चारशे बेड आणि त्याच वर्षी चारशे अ‍ॅडमिशन वाढल्या तर मोकळं काय होणार, शून्य. परत तेच दोन आकडे.

पण म्हणून बांधूच नका म्हणणाऱ्यांनी बोल्डरकडे बघावं. डोंगर आणि मोकळ्या जमिनी वाचवण्यासाठी त्या गावाने जे केलं त्याला तोड नाही. १९५९ मध्ये डोंगरावर ठराविक उंचीच्या वर घरांना पाणी द्यायचं नाही असं मतदानाने ठरवलं, १९६७ मध्ये मोकळ्या जमिनी विकत घ्यायला लोकांनी स्वतःवर विक्रीकर लावून घेतला, १९७१ मध्ये इमारतींना ५५ फुटांची मर्यादा, १९७६ मध्ये नवीन घरांच्या संख्येवर लगाम. गाव सुंदर राहिलं. आणि इतकं महाग झालं की तिथे काम करणारी हजारो माणसं रोज बाहेरून गाड्यांनी येतात जातात. हिरवळ राहिली आणि धूर शेजारच्या गावांच्या रस्त्यावर गेला.

टॉवरच्या नकाशात एक गोष्ट मात्र जरूर बघा. एका खिडकीच्या छोट्या छोट्या खोल्यांची रांग असेल तर उद्या मुलं कमी झाल्यावर त्याचं कुटुंबांसाठी काही करता येत नाही, भिंती पाडल्या तरी पाण्याचे पाइप आणि संडास चुकीच्या जागी. सुनावणीला जाऊन एवढंच विचारा, दोन खोल्या जोडून एक घर होईल असा प्लॅन आहे का. आमच्याकडच्या अशाच सुनावणीला मी गेले होते, हॉलमध्ये अकरा माणसं, सगळ्यांचे केस पांढरे, माझ्यासकट. विद्यार्थी एक नाही. बाहेर आल्यावर कळलं परीक्षेचा आठवडा होता. ज्यांच्यासाठी बांधायचं त्यांची परीक्षा चालू असताना सुनावणी, आणि मग आम्हीच म्हणणार मुलांना गावाशी देणंघेणं नाही.

प्रश्न : पार्किंग! फक्त पार्किंगवर लिहा.

उत्तर : लिहिते, पण तुम्हाला आवडणार नाही. नवीन पार्किंग बांधलं की ते भरतं, एवढंच होतं. कॉलेजच्या गावात एक नशीब असतं की हजारो तरुण माणसं एकाच ठिकाणी जायला निघतात, आणि तेही बहुतेक सायकलच्या अंतरावर. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसमध्ये एक प्राध्यापक कुटुंब नेदरलँड्सच्या हेग शहरात राहून आलं, तिथल्या सायकली बघून, आणि परत येऊन सायकलींसाठी गावाच्या मागेच लागलं. १९६६ च्या नगरपालिका निवडणुकीत सायकलवाले निवडून आले आणि १९६७ मध्ये तिथे अमेरिकेतल्या पहिल्या सायकल लेन आखल्या गेल्या. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेन, ते पण विद्यार्थ्यांचं शहर, त्यांनी १९७७ मध्ये मधल्या भागाचे चार तुकडे केले, गाडीने एकातून थेट दुसऱ्यात जाताच येत नाही, बाहेरच्या रिंगरोडने वळसा, सायकल आणि पायी मात्र सरळ. दुकानदारांनी तेव्हा डोक्यावर घेतलं होतं शहर. आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या चॅपल हिलमध्ये २००२ पासून बस सगळ्यांना फुकट आहे, खर्चात विद्यापीठाचा वाटा. वरच्या टॅक्सवाल्या तिघांनी हे वाक्य कापून ठेवा.

प्रश्न : आमच्या कॉलेजात जागा रिकाम्या राहायला लागल्यात. पुढे काय?

उत्तर : ही भीती खरी आहे. अमेरिकेत २००७ मध्ये ४३ लाख बाळं जन्मली, तो उच्चांक, मग मंदी आली आणि आकडा उतरत गेला. २००७ ची मुलं २०२५ मध्ये अठराची झाली, म्हणजे आता मागून येणारी रांगच छोटी आहे. मोठ्या नावाच्या संस्था तरतात, छोट्या गावांतल्या छोट्या संस्थांचं कठीण. आठ दहा वर्षं तुम्ही वाढीव बेडवर भांडता आणि मग एक दिवस तेच बेड रिकामे. म्हणूनच त्या टॉवरच्या भिंतींचं एवढं लावून धरलं.

प्रश्न : ताई, माझं शेवटचं सेमिस्टर आहे. सगळे जातायत. मला हे गाव आवडतं, इथेच राहावंसं वाटतं. वेडेपणा आहे का? – फायनल इयर

उत्तर : नाही रे बाबा, मी पण तेच केलं होतं. फक्त पहिलं वर्ष विचित्र जाईल हे धरून चाल. शेवटच्या आठवड्यात फुटपाथवर गाद्या, टेबलफॅन, पाय मोडलेल्या खुर्च्या, अर्धी भरलेली शाम्पूची बाटली असं सगळं येऊन पडतं ना, त्यात तुझ्या मित्रांचं पण असेल. मी त्याच ढिगातून उचललेल्या टेबलावर हे लिहितेय, एका पायाखाली अजून पुठ्ठा आहे.

घर आत्ता शोधू नकोस, नवीन अ‍ॅडमिशनची धामधूम संपली की शोध, उरलेल्या रूमचे भाव तेव्हा उतरतात. कॅम्पसपासून लांब घे, जिथे म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी मुलं दिसतात अशा ठिकाणी. नोकरी विद्यापीठातच शोधायची गरज नाही, हॉस्पिटल, नगरपालिका, छोट्या कंपन्या, कॉलेजातून सुटलेल्यांनी काढलेल्या बघ. मतदार यादीत नाव बदलून घे. आणि पहिल्या पत्रातले काका घर विकायच्या विचारात आहेत, त्यांना भाडेकरू म्हणून एक शांत मुलगा चालेल का ते मी संपादकांमार्फत विचारते. पत्ता कळव.